काम गळतं ते सांध्यात: नव्याने 'कोऑर्डिनेटर' झालेल्यांसाठी

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला. "ताई, मला प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर केलंय. पगार थोडा वाढलाय, पण नक्की काय करायचं असतं ते कोणी सांगतच नाही." मला हाच प्रश्न पडला तेव्हा मी पुण्यात एका बांधकामाच्या साइटवर होते आणि विचारायला कोणी नव्हतं. पुढे काही वर्षं दिवाळी अंकांची निर्मिती सांभाळली, आता हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या कामात आहे. साइटवर असताना वाटायचं, आयटीवाल्यांचं सगळं शिस्तीत चालत असणार. आयटीत आले तर इथल्या लोकांना वाटतं, बांधकामात निदान भिंत उभी राहिलेली दिसते तरी. गोंधळ सगळीकडे सारखाच.

तिन्हीकडे एक गोष्ट मात्र पक्की कळली. ज्याचं त्याचं काम ज्याला त्याला येत असतं. बाथरूमची फरशी मधोमध सहसा गळत नाही. गळते ती पाइप जिथून आत येतो तिथे, नाहीतर कोपऱ्यात. प्रोजेक्टचंही तसंच. एकाच्या हातून काम दुसऱ्याच्या हातात जातं त्या सांध्यावर लक्ष ठेवायला तुम्हाला नेमलंय.

डबेवाल्यांचं उदाहरण मी देणार नाही. ते तुम्ही मॅनेजमेंटच्या प्रत्येक तासाला ऐकलं असेल.

१. आधी माणसं मोजा

वेळापत्रक नंतर. आधी एक फुलस्केप कागद घ्या आणि चार रकाने आखा: करणारा, ठरवणारा, पैसे देणारा, अडवू शकणारा. पहिले तीन सगळे भरतात. चौथा रिकामा राहतो आणि काम तिथेच अडतं.

अडवू शकणारा माणूस बहुतेक वेळा हुद्द्याने मोठा नसतो. फ्लॅटच्या दुरुस्तीत तो सोसायटीचा सेक्रेटरी असतो, राडारोडा लिफ्टने न्यायचा नाही म्हणून बसतो. कारखान्यात स्टोअरकीपर असतो. माल आल्याची नोंद त्याने केल्याशिवाय सप्लायरचं बिल पुढे सरकत नाही. छपाईत बाइंडर. सॉफ्टवेअरमध्ये क्लायंटकडचा सर्व्हरची परवानगी देणारा माणूस, ज्याचं नाव तुम्हाला कामाच्या तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा कळतं. या चौथ्या रकान्यातल्या लोकांना पहिल्याच आठवड्यात जाऊन भेटा, काम पडायच्या आधी. स्टोअरकीपरबरोबर घेतलेला एक चहा मला पुढे किती ठिकाणी उपयोगी पडला, सांगून खरं वाटणार नाही.

प्रत्येकाचा दुसरा फोन नंबरही घ्या. मिस्त्रीचा फोन लागत नाही तेव्हा त्याच्या भावाचा लागतो.

२. 'झालं' म्हणजे काय, ते लिहून घ्या

यावर जरा थांबा, कारण निम्मी भांडणं इथलीच.

"मॅडम, बाथरूम हो गया." फरशीवाल्याचा फोन. मी प्लंबरला सकाळी बोलावून घेतलं. तो येऊन बघतो तर फरशा बसल्यात, पण ग्राउटिंग (फरशांमधल्या फटी भरणं) नाही, नहाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या भोकाच्या) जागी सिमेंटची पिशवी कोंबलेली, दाराचा उंबरा बाकी. फरशीवाला खोटं बोलला नव्हता. त्याच्या हिशेबात फरशी लागली म्हणजे झालं. ग्राउटिंगला वेगळा पोरगा येतो. प्लंबरचा दिवस मात्र फुकट गेला आणि पुढचे पाच दिवस तो आलाच नाही, कारण तोवर त्याने दुसरीकडे काम धरलं.

छापखान्यात "अंक झाला" म्हणजे फॉर्म, म्हणजे अनेक पानांचे मोठे कागद, छापून झाले. घडी, बांधणी, कटिंग अजून बाकी. सॉफ्टवेअरवाला "झालं" म्हणतो तेव्हा ते त्याच्या लॅपटॉपवर चालतंय. टेस्टरने बघितलेलं नाही, सर्व्हरवर चढलेलं नाही. क्लायंट मात्र "झालं" ऐकून आपल्या साहेबांना सांगून मोकळा होतो.

मी यावर एकच प्रश्न विचारते: "पुढचा माणूस उद्या सकाळी येऊन थेट काम सुरू करू शकेल का?" उत्तर हो असेल तरच झालं. प्रत्येक टप्प्यासाठी हे आधीच दोन-तीन ओळींत लिहून ठेवा. उदाहरणार्थ, 'बाथरूम वॉटरप्रूफिंग झालं' म्हणजे नहाणी ट्रॅप बुजवून २४ ते ४८ तास पाणी भरून ठेवलं, खालच्या मजल्यावर ओल आली नाही, आणि दोन्हीचे फोटो तारखेसह आहेत. एवढं लिहिलेलं असलं की वादाला जागा उरत नाही.

याच जातीचे आपले काही लाडके शब्द आहेत, त्यांचा अर्थ नवीन माणसाला लागत नाही. 'होऊन जाईल' म्हणजे अजून हात लावलेला नाही. 'बघतो' म्हणजे नाही. 'निघालोच' म्हणजे अंघोळीला चाललोय. 'दोन दिवसांत' म्हणजे आकडा विचारलात म्हणून सांगितला. चिडू नका, फक्त पुढचा प्रश्न विचारा: "कोणत्या वारी, किती वाजता, आणि तोवर तुम्हाला माझ्याकडून काय लागेल?" शेवटचा भाग विसरू नका. उशीर बऱ्याचदा आपल्याच टेबलावरून निघालेला असतो.

३. सांधे शोधा आणि प्रत्येकाची नोंद करा

वहीचं एक पान यासाठी ठेवा. प्रत्येक ओळीत पाच गोष्टी: कोण, कोणाला, काय, कोणत्या रूपात, कधी देणार. चौथी गोष्ट, म्हणजे 'रूप', सगळ्यात घातक.

माझ्या पहिल्या मोठ्या चुकीची गोष्ट सांगते. स्लॅब भरायचा होता. लोखंड बांधून झालेलं, काँक्रीटच्या गाड्या निघालेल्या. तयार काँक्रीट गाडीत भरल्यापासून साधारण दोन तासांत रिकामं करावं लागतं, त्यामुळे एकदा गाडी निघाली की मागे फिरणं नाही. स्लॅब झाला. आठवड्याने सेंटरिंगखाली (स्लॅबला दिलेल्या तात्पुरत्या आधाराखाली) जाऊन बघतो तर टॉयलेटच्या पाइपसाठी सोडलेल्या भोकांच्या जागा दीडशे मिलिमीटर सरकलेल्या. आर्किटेक्टने डक्ट (पाइप नेण्याची उभी जागा) हलवली होती, नवं ड्रॉइंग स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे गेलं होतं, प्लंबरकडे जुनंच होतं. प्लंबर म्हणाला, "मला कोणी दिलंच नाही." आर्किटेक्टच्या ऑफिसातून उत्तर आलं, "आम्ही मेल केला होता." मेल मला आला होता. मी तो वाचलाही होता. पुढे पाठवायचं काम माझं आहे हे मला माहीतच नव्हतं. शेवटी कोअर कटिंग करून, म्हणजे मशीनने स्लॅब कापून, भोकं पाडली, दोन ठिकाणी सळई कापली जाऊ नये म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला साइटवर बोलवावं लागलं, आणि तो खर्च कोणाच्या नावावर टाकायचा यावर दोन महिने पत्रव्यवहार चालला.

हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. एअरबसच्या ए-३८० विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर असते. जर्मनीत हॅम्बुर्गमध्ये बनवलेले वायरचे जुडगे फ्रान्समध्ये तुलूझला जोडायला घेतले तर कमी पडायला लागले. जर्मन आणि स्पॅनिश चमू डिझाइनच्या सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होते, फ्रेंच आणि ब्रिटिश पाचवी. २००६ साली कंपनीला विमानं उशिरा देणार असल्याचं पुन्हा पुन्हा जाहीर करावं लागलं. दोन्ही बाजूंचे इंजिनिअर हुशारच होते. बिघडलं ते मधल्या फाइलमध्ये.

नासाचं मंगळाकडे गेलेलं यान, मार्स क्लायमेट ऑर्बिटर, २३ सप्टेंबर १९९९ रोजी हरवलं ते मोजमापाच्या एककावरून: एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंडात आकडे देत होतं, दुसरी बाजू ते न्यूटनमध्ये धरत होती. हे वाचलं तेव्हा मला आमचा सुतार आठवला. सुतार 'सूत' बोलतो. इंचाचे आठ सूत. काचवाला मिलिमीटर बोलतो. शॉवरच्या पार्टिशनची काच मागवताना सुताराने फोनवर सांगितलं, "तीन सूत कमी घ्या." काचवाल्याच्या पोराने लिहिलं तीन मिलिमीटर. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. टफन केलेली (तापवून कडक केलेली) काच नंतर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. चुकली की सरळ नवी. तेव्हापासून मोजमाप फोनवर सांगायचं नाही, कागदावर लिहायचं आणि एकक शेजारीच लिहायचं, हा माझा नियम आहे. वाळू, खडी घेताना ब्रास (शंभर घनफूट) की घनमीटर, जागेचं बोलताना चौरस फूट की चौरस मीटर, कारपेट (भिंतींच्या आतली जागा) की बिल्टअप (भिंतींसकट), हे प्रत्येक वेळी विचारा. बावळट वाटलात तरी चालेल.

छपाईत हाच घोळ फाँटचा. लेखक युनिकोडमध्ये टाइप करून पाठवतो, मांडणी करणारा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये काम करतो, मधे कन्व्हर्टर बसतो आणि रफार पळून जातो, जोडाक्षरं फुटतात. लेखकाने बिनचूक दिलेलं असतं, मांडणीवाल्याने इमानदारीने बदललेलं असतं. मुद्रितशोधनाचे दिवस कन्व्हर्जनच्या नंतर धरा. आधी तपासून घेतलेल्या मजकुराचा काही उपयोग नाही, हे मी एक अख्खा परिसंवाद पुन्हा वाचून शिकले.

४. वेळापत्रक उलटं मांडा

शेवटची तारीख धरा आणि मागे मोजत या. दिवाळी अंक वसुबारसेच्या दिवशी छापून उपयोग नाही. तो त्याआधी पुरेसे दिवस विक्रेत्यांकडे पोचला पाहिजे. तिथून मागे वाहतूक, बांधणी, छपाई, प्लेट, शेवटचं वाचन, मांडणी. असं मागे येत गेलात की कळतं, लेखकांना पत्रं आषाढाआधीच जायला हवी होती.

मग भिंतीवरचं कॅलेंडर शेजारी घ्या आणि यावर खुणा करा:

- जूनचा दुसरा आठवडा. पाऊस लागला की खोदाई, बाहेरचं प्लास्टर, रंग बंद.
- गणपती. कोकणातली माणसं गावी जाणार, हा वादाचा विषयच नाही.
- पितृपक्ष. काम चालतं, पण गिऱ्हाईक ताबा घेत नाही, नवी मोठी ऑर्डरही देत नाही.
- खंडेनवमी. कारखान्यात मशिनींची पूजा. त्या दिवशी उत्पादन धरू नका.
- दिवाळी, छठ आणि होळी. उत्तरेकडचे कारागीर गावी जातात. 'आठ दिवसांत येतो' याचे वीस-पंचवीस दिवस धरा.
- मार्चअखेर. सरकारी बिलं आणि सगळी अकाउंट खाती तेव्हा दुसऱ्याच जगात असतात.

यातलं काहीही अचानक येत नाही, तरी दरवर्षी कोणीतरी मीटिंगमध्ये "होळीमुळे उशीर झाला" असं नवल सांगितल्यासारखं सांगतो.

दुसरी गोष्ट, कोणतं काम कशावर अडलंय याची साखळी काढा. १९५७च्या सुमारास ड्यूपाँट या अमेरिकन रसायन कंपनीने रेमिंग्टन रँड या संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या लोकांबरोबर 'क्रिटिकल पाथ'ची पद्धत बसवली तिचं सार एवढंच: सगळ्यात लांब साखळीतला एक दिवस गेला तर अख्ख्या प्रोजेक्टचा एक दिवस गेला, बाकी कामांना थोडी सैल असते. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. मी अजूनही आधी कागदाच्या चिठ्ठ्या टेबलावर मांडते.

काही वेळ विकत घेता येत नाही, तोही वेगळ्या रंगाने दाखवा. स्लॅबला साध्या सिमेंटमध्ये किमान सात दिवस, फ्लायॲशवाल्या (कोळशाची राख मिसळलेल्या) सिमेंटमध्ये दहा दिवस पाणी मारावंच लागतं. दुप्पट माणसं लावून ते पाच दिवसांत होत नाही.

५. खरा कागद एकच

प्रत्येक ड्रॉइंगवर, प्रत्येक फाइलवर आवृत्तीचा नंबर आणि तारीख. 'फायनल', 'फायनल-२', 'फायनल नक्की' अशी नावं आजपासून बंद. नवं ड्रॉइंग आलं की जुनं परत घ्या आणि त्यावर आडवी रेघ मारा. साइटवर मिस्त्रीच्या खिशातली घडी घातलेली झेरॉक्स हा सगळ्यात धोकादायक कागद. ती मागा, बघा, बदला.

कोणाला कोणती आवृत्ती कधी दिली त्याची सही घ्या. सही मागताना अवघडल्यासारखं होतं, मलाही व्हायचं. स्लॅबच्या प्रकरणानंतर झालं नाही.

६. रोज पंधरा मिनिटं

उभ्याने. काल काय ठरलं होतं, झालं का, आज कोण कोणासाठी अडलंय. बस. चर्चा सुरू झाली की त्या दोघांना बाजूला काढा, बाकीच्यांना कामाला जाऊ द्या. मोठ्या मीटिंगचं इतिवृत्त त्याच दिवशी पाठवा, एका पानात, प्रत्येक मुद्द्यापुढे एकाच माणसाचं नाव आणि तारीख. 'सर्वांनी लक्ष द्यावे' असं लिहिलंत तर कोणीही देणार नाही.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपबद्दल: ग्रुप फोटोसाठी छान. मंजुरीसाठी नाही. साहेबांनी टाकलेला अंगठा 'वाचलं' होता की 'मंजूर' होता, हे तीन महिन्यांनी सिद्ध करता येत नाही. आणि व्हॉइस नोटवर आलेली कोणतीही सूचना आधी लिहून परत पाठवा: "आपण असं म्हणालात, बरोबर ना?"

७. बदल येणारच, त्याचा कागद करा

एका वर्षी अंकाला शेवटच्या आठवड्यात जाहिराती भरपूर आल्या. सगळे खूश. सोळा पानांचे दोन फॉर्म वाढवले, म्हणजे बत्तीस पानं, सोळा कागद. मुखपृष्ठ मात्र आधीच छापून तयार होतं, जुन्या पानसंख्येवर कणा (अंकाची पाठ) मोजून. जाडी वाढली दीड मिलिमीटर. हसू नका. कणा लाल होता, मुखपृष्ठ पिवळसर. सगळ्या प्रतींवर कण्याची घडी सरकली आणि मागच्या पिवळ्याची एक चिरी कण्यावर चढली. स्टॉलवर अंकांची चळत लावली की ती चिरी लांबून दिसायची. जाहिरात विभागाने त्यांचं काम उत्तम केलं होतं. पानं वाढली की मुखपृष्ठावर परिणाम होतो हे त्यांना कोणी सांगायचं? मी.

म्हणून बदल कोणीही सुचवला तरी चार ओळी लिहा: काय बदलतंय, कोणाकोणाच्या कामावर परिणाम, किती दिवस, किती रुपये. खाली ठरवणाऱ्याची सही किंवा मेल. 'एवढंसं तर आहे' हे वाक्य ऐकलं की हा कागद हमखास काढा.

८. उशीर होतोय असं दिसलं की

त्याच दिवशी सांगा. आठ दिवस आधी सांगितलेला उशीर ही बातमी असते, आदल्या रात्री सांगितलेला उशीर हा गुन्हा ठरतो. सांगताना दोन पर्याय बरोबर न्या, दोन्हींची किंमत लिहून.

वरून पहिला सल्ला येईल, "माणसं वाढवा." भिंतीला रंग द्यायचा असेल, मातीची भरणी असेल तर जरूर वाढवा. पण आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकांचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय की रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली तर ते आणखी रखडतं. नव्यांना शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो, आणि सांधे वाढतात: पाच माणसांत दोघा-दोघांच्या दहा जोड्या, दहा माणसांत पंचेचाळीस. आम्ही हे वाचलेलं असूनही एकदा चार माणसं वाढवली होती. दोन आठवडे त्यांना लॅपटॉप आणि पासवर्ड मिळवून देण्यात गेले.

९. पैशाची तारीखही वेळापत्रकात घाला

कॉन्ट्रॅक्टरची माणसं साइटवरून कमी व्हायला लागली की कारण बहुधा पैसे असतात. तो सांगेल मात्र 'तब्येत'. कोणत्या टप्प्याला किती टक्के, बिल कोणी तपासायचं, किती दिवसांत, हे वर्क ऑर्डरमध्येच असू द्या. नोंदणी केलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग तुमचा सप्लायर असेल तर २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे थांबवता येत नाहीत. करार नसेल तर १५ दिवस. अकाउंटवाल्यांना हे पाठ असतं, पण बिल तुमच्या टेबलावर सहीसाठी पडून असेल तर ते काय करणार?

जवळ ठेवायचे कागद आणि सामान

- वर्क ऑर्डर किंवा करार, कामाची यादी आणि दरांसह
- चार रकान्यांचा माणसांचा कागद आणि सांध्यांची वही
- ड्रॉइंग किंवा फाइलींचं रजिस्टर: आवृत्ती, तारीख, कोणाला दिली
- 'झालं'च्या व्याख्या, टप्प्यागणिक
- बदलांचे कागद, ओळीने नंबर टाकून
- मीटिंगची इतिवृत्तं, माल आल्याची चलनं, मोजमापाची वही
- साइट असेल तर टेप, खडू, टॉर्च; छापखान्यात स्केल आणि भिंग; ऑफिसात फक्त ती वही

सॉफ्टवेअरचा प्रश्न हमखास येतो: कोणतं वापरू? पहिले सहा महिने साधी स्प्रेडशीट वापरा. सांधे कुठे आहेत ते कळल्यावर मग टूल निवडा.

१०. काम हवाली करताना

शेवटचा आठवडा सगळे घाईत उरकतात, कारण मन पुढच्या कामात गेलेलं असतं. बारीकसारीक राहिलेल्या गोष्टींची यादी गिऱ्हाइकाबरोबर फिरून करा, खोलीगणिक किंवा स्क्रीनगणिक, आणि यादी बंद झाल्याची सही घ्या. वॉरंटीची कार्डं, पासवर्ड, शेवटच्या आवृत्तीच्या फाइली, उरलेल्या फरशांचा एक बॉक्स हे सगळं एकाच माणसाच्या हातात द्या आणि त्याचं नाव लिहा. चाव्यांच्या प्रत्येक जुडग्याला लेबल लावा. एका इमारतीत आम्ही लेबल न लावता चाळीस फ्लॅटच्या चाव्या एका पिशवीत घालून दिल्या होत्या. दसऱ्याच्या दिवशी, हातात नारळ घेतलेली माणसं रांगेत उभी, आणि मी एकेक चावी दाराला लावून बघत होते.